‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणण्यापूर्वी



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, जनावरांचे आजार आणि घरच्या मंडळींचे आरोग्य यांविषयी वाचता. आज आम्ही एका निराळ्याच आजाऱ्याविषयी लिहीत आहोत. तो म्हणजे घरातील संगणक. कर्नाटकात २००० साली भूमी योजना सुरू झाली आणि जमिनीचे उतारे संगणकावर गेले. पुढे मुलांचे अर्ज, परीक्षांचे निकाल, बँकेचे व्यवहार आणि बचत गटांचे हिशेबही त्याच वाटेने गेले. त्यामुळे सोप्याच्या कोपऱ्यात संगणक असलेले शेतकऱ्याचे घर आता आपल्या भागात नवलाचे राहिलेले नाही. मात्र बैल चारा खाईना झाला तर आधी काय पाहावे, हे आपल्याला ठाऊक असते. संगणक सुरू होईना झाला की आपण डबा उचलून तालुक्याला नेतो आणि तेथे जे सांगतील ते मान्य करतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी एक शेतकरी सकाळीच आमच्या दारात आले. आदल्या दोन दिवसांत वळवाने धुमाकूळ घातला होता आणि वीज सारखी जात-येत होती. त्यानंतर त्यांच्या घरचा संगणक बटण दाबूनही उठेना. थोरल्या मुलीचे कॉलेजचे काम आणि वाडीतील बायकांच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब त्यातच होता. डबा दुकानात नेला, तेव्हा तेथील मुलाने पाच मिनिटांत निकाल दिला, “मदरबोर्ड गेला. आणि संगणक जुना असल्यामुळे त्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागेल.”

“फादर, खताचे पैसे बाजूला काढून ठेवलेत,” ते म्हणाले. “तेच यात घालू काय? पोरगी रडायला लागलीय.”

आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच या बाबतीत ठेच खाल्ली होती. आमच्या कचेरीतील संगणक असाच मुका झाला. आम्ही विश्वासाने मदरबोर्ड बदलण्यास संमती दिली. नवा मदरबोर्ड बसवला, तरी डबा मुका तो मुकाच! शेवटी दोष निघाला वीज पुरवणाऱ्या पेटीत. नवा मदरबोर्ड मात्र दुकानाने परत घेतला नाही. त्यानंतर आम्ही जाणत्या माणसांजवळ बसून या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातले शेतकऱ्याच्या घरी करण्याजोगे तेवढेच या पाठात देत आहोत.

दुकानदार लबाडच असतो, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यापुढे दहा डबे पडलेले असतात. एकेक गोष्ट तपासत बसण्यापेक्षा मोठा भाग बदलणे त्याला सोपे जाते. परंतु त्याचा वेळ वाचतो तो आपल्या पैशाने, हे विसरता कामा नये.

पंपाची रीत

विहिरीवरील पंप सुरू झाला नाही, तर आपण काय करतो? आधी लाईट आहे का ते पाहतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज उडाला आहे का, स्टार्टर धरतो का, हे पाहतो. हे सगळे ठीक असेल तरच मोटर वर काढतो. कोणीही शहाणा माणूस फ्यूज न पाहता मोटर वर काढून वायंडिंगला पाठवत नाही.

संगणकाचीही हीच रीत आहे. भिंतीपासून आत जावे आणि स्वस्त गोष्टीकडून महाग गोष्टीकडे जावे. मदरबोर्ड ही विहिरीतली मोटर समजावी. तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचायचे असते. या पाठाचे सार एवढेच आहे. पुढे फक्त पायऱ्या आहेत.

वीज कोणत्या वाटेने जाते

भिंतीतील सॉकेटमध्ये २३० व्होल्टची ए.सी. वीज असते. संगणकाच्या नाजूक भागांना ती सोसत नाही. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूस, जेथे जाड वायर लागते तेथे, एक पत्र्याची पेटी बसवलेली असते. तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. ही पेटी २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डी.सी. वीज देते. कालव्याचे पाणी दारातून पाटात सोडावे तसे हे काम आहे.

मदरबोर्ड म्हणजे डब्यातील सर्वांत मोठी सपाट पट्टी. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सगळे तिलाच जोडलेले असते. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात वळवावे तशी ती वीज वाटते. प्रोसेसरला तर साधारण एकाच व्होल्टच्या आसपास वीज लागते. ती १२ व्होल्टपासून तयार करण्याचे काम मदरबोर्डच करतो.

आता बटणाविषयी. फार जुन्या संगणकांत समोरचे बटण घरातील दिव्याच्या बटणाप्रमाणे थेट वीज तोडत-जोडत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने ए.टी.एक्स. नावाची रचना आणली आणि ही पद्धत बदलली. आजचे बटण ही दारावरची घंटा आहे. घंटा वाजली की मदरबोर्ड ती ऐकतो आणि हिरव्या वायरीवरून एस.एम.पी.एस.ला जागे करतो. एस.एम.पी.एस. जागी होते, आपली व्होल्टेज बरोबर आहेत ना हे पाहते आणि करड्या वायरीवरून ‘सर्व ठीक’ असा निरोप अर्ध्या सेकंदाच्या आत परत पाठवते. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. घंटा ऐकता यावी म्हणून, संगणक बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट कायम असतात.

म्हणजे बटण, बटणाची वायर, मदरबोर्ड आणि एस.एम.पी.एस. या चौघांपैकी कोणीही चुकला तरी बाहेरून लक्षण एकच दिसते. बटण दाबले आणि काही झाले नाही! याच कारणाने नुसत्या पाहण्याने मदरबोर्डाला दोषी ठरवणे योग्य नव्हे.

आधी जिवाची काळजी

डबा उघडण्यापूर्वी भिंतीतून प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. नंतर समोरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डात उरलेली वीज निघून जाते. हात कोरडे असावेत, जमीन कोरडी असावी. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज त्यात उतरते. नायलॉनच्या कपड्याने येणारा चटका आपल्याला किरकोळ वाटतो, पण रॅमला तो घातक ठरू शकतो.

एस.एम.पी.एस.ची पेटी मात्र कोणीही उघडू नये. तिच्या आत सुमारे ३२५ व्होल्टची डी.सी. वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तेथे राहते. पेटी बाहेरून तपासावी आणि बिघडली असेल तर अख्खी बदलावी.

पहिली पायरी: भिंत आणि वायर

ज्या सॉकेटला संगणक लावतो, त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा किंवा पंखा लावून पाहावा. मोबाईलचा चार्जर लावून निर्णय घेऊ नये, कारण तो फार कमी व्होल्टेजवरही चालतो. एक्स्टेंशन बोर्ड किंवा यू.पी.एस. मध्ये असेल तर तो बाजूला काढून संगणक थेट भिंतीला लावावा. कित्येक ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच उठतात. यू.पी.एस.ची बॅटरी संपली की तो बाहेरून ठीक दिसतो आणि आतून वीज सोडत नाही.

मग वायर पाहावी. बहुतेक मॉनिटरना संगणकासारखीच वायर असते. तशी असेल तर ती संगणकाला लावून पाहावी. डब्याच्या मागे एस.एम.पी.एस.वर छोटा खटका असतो, तो उभ्या रेघेच्या बाजूस दाबलेला असावा. शून्याची बाजू म्हणजे बंद. झाडलोट करताना तो चुकून दाबला जातो. काही जुन्या पेट्यांवर लाल रंगाचा दुसरा खटकाही असतो आणि त्यावर ११५ व २३० असे आकडे असतात. आपल्या देशात तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर ठेवून प्लग चालू केला तर पेटी जळते.

घरातील दिवे मध्येच फार प्रखर होत असतील, तर सर्व उपकरणांचे प्लग काढून वायरमनला बोलवावे. खांबावरील न्यूट्रल वायर तुटली असता एका फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज शिरू शकते. भिंतीतील व्होल्टेज मोजण्याचे कामही वायरमनकडेच द्यावे.

दुसरी पायरी: लक्षण नीट पाहावे

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगितले तर उपयोग होत नाही. ताप केव्हा येतो, दुखते कोठे, हे सांगावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. बटण दाबून नेमके काय होते ते कागदावर लिहावे.

(अ) काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही. दोष भिंतीत, वायरीत, बटणात किंवा एस.एम.पी.एस.मध्ये असण्याचा संभव अधिक. मदरबोर्डाचा क्रमांक यांच्यानंतर लागतो.

(आ) पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. कोठेतरी वीज जमिनीला मिळते आहे, म्हणजे शॉर्ट आहे, आणि एस.एम.पी.एस. स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. किंवा ती स्वतःच दुबळी झाली आहे.

(इ) पंखे फिरत राहतात, पण मॉनिटर काळा. रॅम, मॉनिटरची वायर, किंवा प्रोसेसरजवळची वीजवायर यांवर संशय घ्यावा.

(ई) संगणक चालतो, पण मध्येच आपोआप बंद पडतो. धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, किंवा काम वाढताच एस.एम.पी.एस. दमत असेल.

(उ) संगणक चालतो, पण दर वेळी तारीख मागे जाते. हा मोठा आजार नव्हे. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, त्यावर सी.आर. २०३२ असे लिहिलेले असते. तो ३ व्होल्टचा सेल संपला आहे. घड्याळाच्या दुकानातही तो थोडक्या पैशात मिळतो.

मॉनिटर काळा असेल तर आधी मॉनिटरचेच पाहावे. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का? वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का? संगणकात वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावावी लागते. वरच्या बाजूच्या दुसऱ्या छिद्रात लावली तर बहुधा काही दिसत नाही.

तिसरी पायरी: घंटा वाजते का?

समोरच्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यातील टाचण्यांसारख्या पिनांवर जातात. शेजारीच ‘रिसेट’ बटणाच्या वायरी असतात. पिनांच्या जवळ तशी अक्षरे लिहिलेली असतात. प्लग काढून ठेवावा, पॉवरच्या वायरीचे टोक काढावे आणि त्या जागी रिसेटच्या वायरीचे टोक बसवावे. मग प्लग लावून रिसेटचे बटण दाबावे. संगणक सुरू झाला तर दोष फक्त पहिल्या बटणात आहे. बटण खराब म्हणून मदरबोर्ड टाकणे म्हणजे घंटा बिघडली म्हणून घर पाडणे होय.

पुष्कळ मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो. प्लग लावताच, संगणक सुरू न करताही, तो लागतो. तो लागलेला असेल तर जांभळ्या वायरीतील ५ व्होल्ट बोर्डापर्यंत पोहोचत आहेत, असे समजावे.

चौथी पायरी: एस.एम.पी.एस.ची परीक्षा

यासाठी साधा मल्टिमीटर लागतो. पंपाची कामे करणाऱ्या वायरमनजवळ तो असतोच. रिकाम्या हाताने करायचे हे काम नव्हे, म्हणून जाणत्याला बरोबर घ्यावे.

प्लग काढावा. एस.एम.पी.एस.मधून येणाऱ्या सर्व वायरींची टोके मदरबोर्ड, हार्ड डिस्क वगैरेंपासून सोडवावीत. सर्वांत रुंद टोकाला २४ छिद्रे असतात, जुन्यात २०. आता प्लग लावून जांभळी आणि काळी यांमध्ये मोजावे. ५ व्होल्ट आले पाहिजेत. तेही येत नसतील तर पेटीच मेलेली आहे. येथे तपास संपला आणि मदरबोर्ड अजून निर्दोष आहे.

५ व्होल्ट येत असतील तर प्लग पुन्हा काढावा. हिरव्या वायरीचे छिद्र आणि कोणत्याही काळ्या वायरीचे छिद्र वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडावे आणि मग प्लग लावावा. मदरबोर्ड जी हाक देतो तीच आपण दिली. पंखा फिरू लागला म्हणजे पेटी जागी झाली. मग मोजावे. पिवळी वायर १२ व्होल्टची, ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी. लाल ५ ची, ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान. नारिंगी ३.३ ची, ३.१४ ते ३.४७ च्या दरम्यान. काळी म्हणजे जमीन.

येथे दोन इशारे देतो. एक, काही नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत वायरींची रचना वेगळी असते. छिद्रांची संख्या किंवा रंग वर सांगितल्याप्रमाणे नसतील तर ही परीक्षा करू नये. दोन, रिकाम्या बैलाची चाल पाहून तो गाडी ओढेल की नाही हे कळत नाही. तसेच ओझे नसताना बरोबर व्होल्टेज देणारी पेटी ओझे पडताच दबू शकते. म्हणून शेवटची खात्री एकच. ओळखीच्या माणसाकडील चांगली एस.एम.पी.एस. तात्पुरती लावून पाहावी. कचेरीतील संगणकाच्या वेळी आम्ही एवढेच केले असते तर आमचे पैसे वाचले असते.

पाचवी पायरी: ओझे उतरवावे

पेटी एकटी ठीक चालते, पण मदरबोर्डाला जोडताच बंद पडते, असे झाले तर शॉर्ट शोधायचा. पेटी पुन्हा जोडण्यापूर्वी आत नीट पाहावे. बोर्डाखाली सुटा स्क्रू पडला आहे का? पाल मरून चिकटली आहे का? मुंग्यांनी घर केले आहे का? खेड्यातील घरांत या गोष्टी घडतात आणि त्या काढल्यावर संगणक चालू लागतो.

मग हार्ड डिस्क, सी.डी.चा भाग, वेगळी कार्डे, की-बोर्ड, माऊस, सगळे सोडवावे. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम ठेवावी. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ छिद्रांची १२ व्होल्टची वेगळी वायर लागते, ती घट्ट बसली आहे का पाहावे. ती सुटली तर पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. अशा स्थितीत संगणक उठला, तर एकेक भाग पुन्हा जोडावा. ज्या भागाने तो पुन्हा पडेल तो दोषी.

रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतील मुलांचे स्वच्छ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा झटकावा आणि दोन्ही बाजू टक्क वाजेपर्यंत पुन्हा बसवावी. पावसाळ्यातील ओलीने दातांवर मळ धरतो. काळ्या मॉनिटरचा हा आजार फार साधा आणि फार वेळा आढळणारा आहे.

मदरबोर्डाला छोटा भोंगा जोडलेला असेल तर आणखी एक परीक्षा करता येते. प्लग काढून सर्व रॅम बाहेर ठेवावी आणि मग संगणक सुरू करावा. बोर्ड ‘बीप बीप’ ओरडला तर तो जिवंत आहे आणि रॅम नसल्याची तक्रार करतो आहे. जे मूल रडते त्याच्यात जीव आहे. नव्या बोर्डांवर भोंग्याऐवजी चार बारीक दिवे असतात. त्यांपैकी जो लागून राहील त्या भागाकडे पाहावे.

सहावी पायरी: मदरबोर्ड खरोखर केव्हा गेला?

भिंत ठीक आहे. बटण ठीक आहे. दुसरी, चांगली एस.एम.पी.एस. लावून पाहिली. दुसरी रॅम लावून पाहिली. सेल बदलला. सर्व ओझे उतरवले. तरीही बोर्ड हूं की चूं करीत नाही. आता संशय मदरबोर्डावर आणि प्रोसेसरवर येतो. प्रोसेसर सहसा आपणहून मरत नाही, म्हणून बोर्डच गेला असण्याचा संभव अधिक.

डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणाही असतात. प्रोसेसरच्या भोवती छोट्या डब्यांसारखे कंडेन्सर उभे असतात. पंपाच्या किंवा छताच्या पंख्याच्या कंडेन्सरचीच ही लहान भावंडे. त्यांचे माथे सपाट असले पाहिजेत. माथा फुगला असेल, किंवा तपकिरी रस बाहेर आला असेल, तर तो कंडेन्सर गेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या अनेक बोर्डांवर सदोष कंडेन्सर बसवले गेले होते आणि ते अकाली फुगले. कंडेन्सर बदलण्याचे काम चांगला कारागीर करू शकतो. पट्टीवर जळका काळा डाग आणि करपल्याचा वास असेल तर मात्र आशा थोडी.

बोर्ड खरोखर गेला असेल तर खर्चाचा विचार करावा. नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसेलच असे नाही, आणि डी.डी.आर.-३ जातीची रॅम डी.डी.आर.-४ च्या खाचेत बसतच नाही. म्हणजे दुकानातील त्या मुलाचे एक म्हणणे खरे होते. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड बदलणे हा खर्च पुष्कळदा अर्ध्या नव्या संगणकाएवढा होतो. म्हणूनच तो निकाल खात्रीचा असला पाहिजे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. आपले हिशेब, फोटो, कागदपत्रे मदरबोर्डावर नसतात, ती हार्ड डिस्कवर असतात. मदरबोर्ड गेला तरी ती बहुधा सुरक्षित असतात आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून काढून घेता येतात. फक्त डिस्कला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, लावलेले असेल तर त्याची किल्ली हाताशी लागते. जुना डबा दुकानात सोडून येऊ नये. डिस्क मागून घ्यावी.

दुकानात जाताना

दुकानदाराला नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. दुसरी एस.एम.पी.एस. लावून पाहिली का? दुसरी रॅम लावून पाहिली का? आमच्यासमोर एकदा करून दाखवाल का? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. जुना काढलेला भाग आपल्याला परत द्यावा, असेही आधीच सांगावे.

आजार होऊ नये म्हणून

संगणकाच्या सॉकेटला खरे अर्थिंग असावे. तीन पिनांचा प्लग आहे म्हणून अर्थिंग आहे असे होत नाही. वायरमनकडून खात्री करून घ्यावी. आकाशात गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवावा. यू.पी.एस. आहे म्हणून निश्चिंत राहू नये, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचे काही चालत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढावी, कारण तिच्यातूनही दणका आत येतो. डबा जमिनीवर ठेवू नये, पाटावर ठेवावा. वर्षातून दोनदा मऊ ब्रशने धूळ काढावी आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. महत्त्वाच्या हिशेबाची दुसरी प्रत पेन-ड्राईव्हवर ठेवावी.

आता त्या शेतकऱ्यांच्या संगणकाचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वायरमनला घेऊन त्यांच्या घरी गेलो. भिंत ठीक होती, वायर ठीक होती. बोर्डावरील हिरवा बारीक दिवा लागलेला होता. तो पाहूनच आम्हाला धीर आला. मुलीने स्वतःच्या हाताने रिसेटची वायर पॉवरच्या जागी बसवली आणि बटण दाबले. पंखा फिरला, मॉनिटर उजळला. समोरची फळी काढून पाहिली, तर बटणाची वायर उंदराने कुरतडलेली! पावसाच्या भीतीने तो घरात शिरला होता आणि त्याने उबदार जागा शोधली होती. आळ आला विजेवर आणि करणी होती उंदराची. आजही तो संगणक रिसेटच्या बटणानेच सुरू होतो. खताचे पैसे खतालाच गेले.

दर वेळी शेवट असा गोड होईल असे आम्ही म्हणत नाही. कधी मदरबोर्ड खरोखरच गेलेला असतो आणि तेव्हा पैसे घालावेच लागतात. पण ते तपास करून घालावेत.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. संगणकाचे बटण ही ‘घंटा’ आहे असे का म्हटले आहे?
२. जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट नसतील तर दोष कोणाचा?
३. पेटी एकटी चालते, पण बोर्डाला जोडताच बंद पडते. आता काय शोधावे?
४. आपल्या घरातील संगणकाच्या सॉकेटला अर्थिंग आहे काय? या आठवड्यात वायरमनकडून पाहून घ्यावे.